अवजारांचे न सुटणारे बोल्ट व ते सोडविण्याची रीत

लाकडी अवजारांचा काळ होता तेव्हा सांध्याचा प्रश्न पाचरीवर सुटत असे. पाचर सैल झाली तर ती भिजवून फुगवावी, फारच घट्ट बसली तर उन्हात वाळू द्यावी आणि उलट बाजूने ठोकून काढावी, हे ज्ञान घरोघर होते. त्यासाठी प्रत्येक वेळी सुताराकडे धाव घ्यावी लागत नसे. लोखंडी अवजारे आली आणि पाचरीच्या जागी बोल्ट व चाकी आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व तेथील लोखंडी नांगर महाराष्ट्रभर पसरले, त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र व इंजिनपंप ही खेड्यातील नित्याची साधने झाली आहेत. परंतु पाचरीविषयीचे जे सहजज्ञान आपल्या वाडवडिलांस होते, तितके बोल्टविषयी आपणांस अद्याप झालेले नाही. न सुटणाऱ्या बोल्टापुढे बहुतेक जण एकच उपाय जाणतात. तो म्हणजे पान्याच्या दांडीत लांब नळी घालून दोघांनी लोंबकळणे.

या उपायाचा परिणाम काय होतो हे प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षीच अनुभवले. रब्बीच्या तोंडावर एका गावी पलटी नांगराचे प्रात्यक्षिक ठरले होते. नांगराचा फाळ झिजलेला होता, तो बदलून दाखवावयाचा होता. एक बोल्ट सुटेना. कृषीशास्त्राची पदवी नुकतीच पदरात पडलेली व भोवती पंचवीस-तीस शेतकरी उभे, तेव्हा माघार घेण्याची लाज वाटली. तीन फुटांची नळी पान्यात घातली आणि सर्व शक्तीनिशी ओढली. बोल्टाचे डोके तुटून उडाले, मूठ नांगराच्या पात्यावर आपटून बोटांची सालटी निघाली व नांगर जागच्या जागी राहिला. ज्या शेतकऱ्याचा तो नांगर होता त्याची घात दोन दिवसांवर आली होती. अखेर गावातील वृद्ध लोहाराने उरलेले बोल्ट पाहिले. त्याने ते तारेच्या ब्रशाने घासले, रॉकेल सोडले, हातोडीचे काही ठोके दिले आणि मग पाना लावून बोल्ट सोडण्याऐवजी प्रथम आवळावयास घेतला! मी चकित होऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हा रुसलाय. रुसलेल्याला आधी थोडं त्याच्या मनासारखं करू द्यावं, मग आपल्याकडं वळवावं." पाव तासात दुसरा बोल्ट हातात आला. तुटलेल्या बोल्टासाठी मात्र तालुक्याच्या गावी जावे लागले, आणि त्या शेतकऱ्याची पेरणी वापसा उडू लागल्यावर झाली. लोहाराच्या त्या वाक्यात यंत्रशास्त्र किती होते हे पुढे समजले. तेच येथे मांडावयाचे आहे.

बोल्ट घट्ट का बसतो?

बोल्ट हा दोन वस्तू जोडणारा निव्वळ खिळा नव्हे. तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. चाकी आवळली म्हणजे बोल्टाची दांडी किंचित ताणली जाते. हा ताण मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतका अल्प असतो, परंतु त्यामुळे निर्माण होणारी पकड शेकडो, कधी हजारो किलोग्रामची असते. ही पकडच दोन भाग एकत्र धरून ठेवते. आपण पान्याला जो जोर लावतो तो सर्वच्या सर्व या कामी येतो असे मात्र नाही. ढोबळ मानाने शंभर हिश्श्यांपैकी पन्नास हिस्से चाकी वा डोक्याखालील घर्षणात जातात, चाळीस हिस्से आट्यांच्या घर्षणात जातात आणि जेमतेम दहा हिस्से बोल्ट ताणण्याच्या उपयोगी पडतात. बोल्ट सुटत नाही तो या घर्षणामुळे. यास्तव घर्षण कमी करणे हाच खरा उपाय होय. जोर वाढविणे हा त्यानंतरचा.

स्वच्छ व वंगण असलेला बोल्ट ज्या जोराने आवळला असेल त्याहून थोड्या कमी जोराने सुटतो, कारण ताणलेली दांडी स्वतःच आखडून मदत करीत असते. तो तसा सुटत नसेल तर तीनपैकी एखादे कारण असते. एक तर तो मुळातच वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो, अथवा त्यास गंज चढलेला असतो, किंवा आटे एकमेकांवर चढून खराब झालेले असतात. कोणते कारण आहे हे पाना उचलण्यापूर्वीच पाहावे. तांबूस पूड दिसली तर गंज आहे. बोल्ट स्वच्छ असून नुकताच कोणीतरी आवळला असेल तर तो अतिआवळ आहे. सुटावयास आरंभ होऊन अर्धा-पाऊण फेर फिरला आणि पुढे पुन्हा जड झाला, तर आटे बिघडत आहेत असे समजावे व तेथेच थांबावे. काही चाक्यांच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते. अशी चाकी शेवटच्या आट्यापर्यंत जडच फिरते, ती जाम झाली असे समजू नये.

गंजाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट केसाएवढीही नसते. तीत हा गंज फुगून बसतो आणि जणू बारीक बारीक शेकडो पाचरी ठोकल्याप्रमाणे चाकी जखडून टाकतो. खते टाकण्याच्या यंत्रांवर हे विशेष दिसून येते. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड व ओलसर हवेत पाझरणारी इतर खते लोखंडास झपाट्याने खातात. कोकणात खाऱ्या हवेमुळे तीच अवस्था होते. गोठ्याच्या कडेला शेणामुतात टेकवून ठेवलेल्या अवजारांची गत वेगळी सांगावयास नको.

अतिआवळ हा मात्र आपल्याच हातचा दोष. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे इंजिनाचे तेल सोडण्याचा बूच-बोल्ट. तेल गळेल या भीतीने प्रत्येक जण तो आधीच्यापेक्षा जास्त आवळतो. वास्तविक गळती थांबते ती बोल्टाखालील तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या वायसरमुळे, जोरामुळे नव्हे. जुना, दबून गेलेला वायसर न बदलता बोल्ट आवळत गेल्यास गळती थांबत नाही, उलट खालच्या तेलटाकीचे आटे जातात. ती टाकी ॲल्युमिनियमची असल्यास तर फारच लवकर जातात, आणि दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी काही हजारांचा भाग बदलण्याची पाळी येते.

आधी पाना तपासा

बोल्ट न सुटण्याच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी वस्तुतः पान्याच्या असतात असे माझे मत झाले आहे. तोंड फाकलेला पाना किंवा सरकता स्क्रू-पाना हट्टी बोल्टास कधीही लावू नये. त्याचा दाब फक्त दोन कोपऱ्यांवर येतो, कोपरे गोल होतात आणि मग योग्य पानाही बसत नाही. अशा कामास रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा. त्यातही बारा कोपऱ्यांच्या पान्यापेक्षा सहा कोपऱ्यांचा चांगला, कारण तो बोल्टाच्या सपाट बाजूंना धरतो.

माप अचूक असले पाहिजे. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी जुनी इंजिने व परदेशी बनावटीची यंत्रे अद्याप इंची बोल्टांची आहेत. तीन-चतुर्थांश इंचाचे डोके १९.०५ मिलिमीटरचे असते; त्यास १९ मिलिमीटरचा पाना बहुधा चालून जातो. पण अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटरचे असते. त्यास १३ चा पाना बसतो खरा, परंतु सैल बसतो, आणि हट्टी बोल्टाचे कोपरे नेमके येथेच जातात. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ आट्यांच्या यंत्रांचे पाने तर आणखी निराळे. त्यांवर लिहिलेले माप डोक्याचे नसून बोल्टाच्या दांडीचे असते.

पाना लावण्यापूर्वी डोक्यावरील चिखल, रंग व गंज खरवडून काढावा. पाना पूर्ण खोल बसला पाहिजे. जरूर तर हातोडीने हलकेच ठोकून बसवावा.

कोणत्या दिशेने फिरवावयाचे हेही एकदा मनाशी पक्के करावे. आपण चाकीकडे तोंड करून उभे असता ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते. यंत्राखाली आडवे पडून वर पाहताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो व बोल्ट सुटण्याऐवजी आवळला जातो. काही ठिकाणी मुद्दाम उलटे आटे असतात. सायकलचे डावे पायडल सर्वांच्या परिचयाचे आहे. ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीतील वरच्या दांड्याच्या एका टोकास सुलटे व दुसऱ्या टोकास उलटे आटे असतात, म्हणून मधली नळी फिरविताच तो लांब वा आखूड होतो. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांनाही उलटे आटे असत. शंका असल्यास बाहेर डोकावणाऱ्या आट्यांचा उतार पाहावा.

तेल आणि सबुरी

बाहेर दिसणारे आटे प्रथम तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ करावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग सुटू लागलेली चाकी त्याच घाणीवर येऊन पुन्हा अडकते. त्यानंतर तेल सोडावे. जाड वंगण तेल येथे निरुपयोगी आहे. ते फटीत शिरत नाही. पातळ तेल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच रीतीने, आट्यांत ओढले जाते. बाजारात या कामासाठी फवाऱ्याच्या डब्यांत तेले मिळतात. ती नसल्यास रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे इंजिन तेल मिसळून वापरावे.

तेल एकदा ओतून लगेच पाना लावणे व्यर्थ होय. सायंकाळी सोडावे, रात्री निजण्यापूर्वी पुन्हा सोडावे, पहाटे तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी बोल्टावर हातोडीने हलके दहा-वीस ठोके द्यावेत. त्या कंपनाने गंजास सूक्ष्म तडे जातात व तेलास वाट मिळते. चाकी वरच्या बाजूस असेल तर झाडास आळे करतो तसे तिच्याभोवती ओल्या मातीचे छोटे आळे करावे आणि त्यात तेल भरून ठेवावे. रात्रभरात ते मुरते. बोल्ट उद्या सोडावयाचा असेल तर तेल आज सोडले पाहिजे, हे ध्यानात ठेवल्यास पुढील निम्मे कष्ट वाचतात. हंगामापूर्वी पंधरा दिवस अवजारे पाहून ठेवावीत असा सल्ला आपले कार्यकर्ते देतात त्याचे एक कारण हेच आहे.

ठोका आणि उलटसुलट फेर

आता लोहाराची युक्ती. एक किलो वजनाच्या हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर, दांडीच्या रेषेत, खणखणीत ठोके द्यावेत. आटे उघडे असलेल्या टोकावर ठोकावयाचे असल्यास चाकी टोकाशी समपातळीत असावी किंवा मध्ये पितळेचा तुकडा धरावा, नाहीतर टोक फुलून चाकी निघणारच नाही. चाकीच्या एका सपाट बाजूस जड घण टेकवून समोरच्या बाजूवर हातोडी मारावी, मग पुढची जोडी, असा तिन्ही जोड्यांवर फेर करावा. त्याने चाकी आट्यांवर किंचित हलते. बिडाच्या ओतीव भागावर मात्र असे ठोके देऊ नयेत. बीड हे दाबास बळकट परंतु ठोक्यास ठिसूळ असते. बोल्ट वाचतो आणि पंपाचा कान तुटतो.

ठोके देऊन झाल्यावर पाना लावून चाकी प्रथम आवळण्याच्या दिशेने अगदी थोडी, एका झटक्याने हलवून पाहावी. गंजाची पकड एकदा कोणत्याही दिशेने मोडली की ती मोडली. आणि त्या दिशेस आटे अजून झिजलेले नसतात. "त्याच्या मनासारखं" याचा अर्थ हा. बोल्ट आधीच अतिआवळ असेल तर मात्र ही युक्ती करू नये; तेथे अजून आवळणे म्हणजे तोडणेच होय. पकड मोडली की सोडण्याच्या दिशेने पाव फेर, मग त्याहून थोडा कमी उलट, पुन्हा पाव पुढे, तेल, पुन्हा तसेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा पीळ एका ओढीत जात नाही.

जोर सतत वाढवीत नेण्यापेक्षा झटका द्यावा. पान्याच्या टोकावर तळहाताने किंवा लाकडी मोगरीने ठोका मारला असता घर्षण क्षणभर मोडते, तर संथ ओढीने बोल्टाची दांडी पिळली जाते.

लांब नळीचा हिशोब

तरफेचा नियम सर्वांस ठाऊक आहे. तो येथे आकड्यांत मांडून पाहू. साधारण माणूस पाना ओढताना ३० किलोग्राम जोर सहज लावतो. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल तर बोल्टावर साडेसात किलोग्राम-मीटर पीळ पडतो. त्यात नळी घालून लांबी ७५ सेंटिमीटर केली की तोच माणूस साडेबावीस किलोग्राम-मीटर पीळ देतो. आता बोल्टाची ताकद पाहा. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला १२ मिलिमीटर जाडीचा चांगला बोल्ट सुमारे ८ किलोग्राम-मीटरने आवळावयाचा असतो. त्याच जाडीचा, ४.६ प्रतीचा साधा बोल्ट जेमतेम ३ ने. म्हणजे साध्या बोल्टास नळीविना नुसता पानाही जड जातो, आणि नळीपुढे चांगला बोल्टही टिकत नाही. १६ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टास सुमारे २० किलोग्राम-मीटर चालतात. तेथे मर्यादित लांबीची नळी वापरण्यास हरकत नाही. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट साधाच आहे असे धरून चालावे. व्यवहारात बळी तो कान पिळी हा न्याय चालत असेल. बोल्टाच्या बाबतीत पिळलेला कान हातात येतो.

नळी वापरताना पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. बोल्ट एकदम सुटला किंवा तुटला तर ढकलणारा तोंडावर पडतो. पाय रोवलेले असावेत व मूठ जेथे जाऊन आदळेल तेथे काय आहे ते आधी पाहावे. लेखकाच्या उजव्या हातावरील व्रण याची साक्ष देतो. ढकलण्याखेरीज इलाजच नसेल तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकलावे.

रोटाव्हेटरला ३६ ते ४८ पाती असतात व बहुधा प्रत्येकास दोन बोल्ट, तेव्हा हे काम एका वेळी बहात्तर ते शहाण्णव बोल्टांचे होऊन बसते आणि थकवा आल्यावर सावधगिरी सुटते. ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व पी.टी.ओ. सोडवावा. रोटाव्हेटर केवळ हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली कधीही शिरू नये; दोन्ही बाजूंस भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. उलट फिरणारा रोटर पाना ओढताच फिरू लागतो, म्हणून त्यात लाकूड अडकवून तो स्थिर करावा.

उष्णता देणे

तेल, ठोके व उलटसुलट फेर यांनी काम न झाल्यास उष्णता द्यावी. यातील मर्म इतकेच की चाकी तापवावयाची, बोल्ट नव्हे. पोलाद दर अंशास आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे बारापट प्रसरण पावते. १६ मिलिमीटरच्या बोल्टावरील चाकी त्याच्यापेक्षा ३०० अंशांनी अधिक तापली तर तिचे भोक साधारण ०.०६ मिलिमीटरने मोठे होते. ऐकावयास हे अल्प वाटते, पण गंजाची पकड मोडण्यास तेवढे पुरते. घासून चकचकीत केलेले पोलाद ३०० अंशांच्या सुमारास निळसर दिसू लागते, तेवढे पुरे. चाकी लाल करण्याची गरज नाही. तसे केल्यास चांगल्या प्रतीच्या बोल्टाचे पाणी उतरते व तो पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. ज्योत चाकीवर झटपट फिरवावी आणि उष्णता दांडीत उतरण्यापूर्वी पाना लावावा. गरम आट्यांना मेणबत्ती टेकविली तर मेण वितळून आत ओढले जाते व वंगणाचे काम करते. जुने कारागीर ही युक्ती हमखास करतात.

उष्णता कोठे देऊ नये हे अधिक महत्त्वाचे आहे. टायर चढविलेल्या चाकाच्या बोल्टांना कदापि ज्योत लावू नये. चाकाची कडी तापून टायरच्या आत वायू तयार होतात आणि टायर बॉम्बप्रमाणे फुटू शकतो. हवा थोडी कमी केल्याने हा धोका टळत नाही. डिझेलची टाकी, तेलाच्या नळ्या, रबरी सील, बेअरिंग व बॅटरी यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. ज्या बोल्टावर नुकतेच रॉकेल ओतले आहे तो पुसून कोरडा केल्याशिवाय तापवू नये. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट तापविल्यास पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास ताप येतो. मळणीयंत्रावर काम करावयाचे असल्यास सभोवतालचा भुसा आधी झाडून घ्यावा.

तरीही न सुटल्यास

डोके झिजून गोल झाले असेल तर कानशीने दोन समांतर बाजू घासून लहान मापाचा पाना ठोकून बसवावा. चाकी टाकून देण्याजोगी असेल तर ती वाचविण्याचा हट्ट नको. लोखंड कापण्याच्या करवतीने तिची एक बाजू आट्यांच्या अगदी लगतपर्यंत कापावी व त्या खाचेत छिन्नी ठेवून ठोका द्यावा, चाकी उकलते. छिन्नीचे डोके फुललेले असल्यास आधी घासून घ्यावे, कारण त्याच्या कपच्या डोळ्यांत उडतात. ठोकताना, कापताना व घासताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

बोल्ट तुटून त्याचा तुकडा भोकात राहिला आणि थोडा भाग बाहेर असला तर त्यावर मोठी चाकी ठेवून वेल्डिंगवाल्याकडून आतून जोडून घ्यावी. जोडताना मिळालेली उष्णता व पाना धरावयास मिळालेली नवी चाकी, असा दुहेरी लाभ होऊन तुकडा बहुधा सुटतो. वेल्डिंगपूर्वी ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार काढून ठेवावी. तुकडा भोकात खोल असल्यास मध्यभागी पंचाने खूण करून ड्रिलने भोक पाडणे आले. मध्य चुकला तर मूळ भागाचे आटे जातात, म्हणून इंजिनाच्या ठोकळ्यातील तुकड्याचा प्रयोग घरी न करता तो कार्यशाळेतच न्यावा. हे सांगण्यात कमीपणा नाही.

चाकांच्या चाक्यांचे स्वतंत्र प्रकरण

ट्रॅक्टर असो वा घरची जीप, चाकाच्या चाक्या रस्त्यावर, रात्री अपरात्री सोडाव्या लागतात. पंक्चर काढणाराच्या दुकानी त्या हवेच्या यंत्राने बसविल्या जातात. ते यंत्र किती आवळते याचा अंदाज हातास येत नाही, आणि गाडीतील लहान पान्याने मग त्या हलत नाहीत. दुकानातून निघण्यापूर्वीच दुकानदारास यंत्राने फक्त टेकवून शेवटचा पीळ हातपान्याने देण्यास सांगावे; अथवा आपला पाना लावून एक-एक चाकी सुटते याची स्वतः खात्री करून ती पुन्हा बसवावी. चाक सोडावयाचे असता जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच, सर्व चाक्या अर्धा फेर सैल कराव्यात. जॅकवर चढविलेल्या गाडीस लांब पान्याने झटके देणे म्हणजे ती अंगावर पाडून घेणे होय.

परत बसविताना

सुटलेला बोल्ट तसाच परत घालू नये. आट्यांमधून पितळी वा तारेचा ब्रश फिरवावा व चाकी हाताने शेवटपर्यंत फिरते की नाही ते पाहावे. हाताने न फिरणारी चाकी पान्याने बसवू नये. बोल्टाची दांडी आट्यांपाशी बारीक झालेली दिसली, तर तो ताणाच्या मर्यादेपलीकडे गेलेला आहे; तो मोडीत टाकावा. नवा बोल्ट जुन्याच प्रतीचा असावा, ८.८ च्या जागी बाजारातील साधा बोल्ट घातल्यास तो नांगरटीत तुटेल, आणि जेथे मुद्दाम कमकुवत बोल्ट ठेवलेला असतो तेथे बळकट घातल्यास बोल्टाऐवजी गिअर तुटेल.

नांगर, कुळव, पेरणीयंत्र यांच्या बोल्टांच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून बसवावे. पुढील वर्षी ते आपले आभार मानतील. परंतु वंगण लावलेल्या बोल्टास तितकीच पकड येण्यास सुमारे पाऊणपट जोर पुरतो, हे विसरून नेहमीच्याच जोराने आवळल्यास तो अतिआवळ होतो. चाकांच्या चाक्या व इंजिनाच्या हेडचे बोल्ट यांना उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच वंगण लावावे. तळ बंद असलेल्या भोकात तेल भरून बोल्ट कधी आवळू नये. कोंडलेल्या तेलास वाट मिळत नाही आणि बिडाचा ठोकळा तडकतो.

एका भागास अनेक बोल्ट असल्यास सर्व प्रथम हाताने बसवावेत, मग समोरासमोरच्या जोडीने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पीळ मोजणारा टॉर्क पाना गावात चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून घेतला तर सर्वांच्या उपयोगी पडेल. अवजार बँकेच्या यादीत त्याचा समावेश करण्यासारखा आहे. अवजार एक तास चालवून झाल्यावर पुन्हा एकदा सर्व बोल्टांना पाना लावून पाहावा, कारण रंगाचे थर व वायसर दबून पहिल्या तासातच थोडी ढिलाई येते.